रहिवासी एक, क्षेत्रफळ तेरा चौरस किलोमीटर: फ्रान्सची चिमुकली गावं कशी समजून घ्यायची?

15 आणि 22 मार्च 2026 या दोन रविवारी फ्रान्समध्ये स्थानिक निवडणुका झाल्या. आपल्याकडे बातम्या आल्या त्या पॅरिस, मार्सेय आणि ल्योंच्या. पण त्याच दिवशी शेकडो अशा गावांतही मतपेट्या मांडल्या होत्या, जिथे एकूण मतदारच चाळीस-पन्नास. तिथेही परिषद आणि मेयर निवडायचे होते, आणि कायद्याच्या नजरेत तो मेयर आणि पॅरिसचा मेयर एकाच जातकुळीचे.

फ्रान्समध्ये अशा स्थानिक संस्था सुमारे 34,900 आहेत. देशाची लोकसंख्या सात कोटींच्या आत. महाराष्ट्राची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच सव्वाअकरा कोटींच्या घरात होती, आणि आपल्या ग्रामपंचायती आहेत सुमारे 28 हजार. फ्रान्समधल्या निम्म्याहून अधिक संस्थांची लोकसंख्या पाचशेच्या आत आहे. द्रोम जिल्ह्यातल्या रोशफुर्शाच्या नावापुढे तर सरकारी यादीत बरीच वर्षं एकच रहिवासी लागलेला आहे आणि क्षेत्रफळ जवळपास तेरा चौरस किलोमीटर. नकाशा आणि आकडे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती छपाईच्या चुकीची. चूक नाही. हे असं का आहे, ते मुळापासून पाहू.

गाव नव्हे, जमिनीचा तुकडा

फ्रान्समधल्या सगळ्यात खालच्या प्रशासकीय एककाला कम्यून म्हणतात. मोठं शहर असो की खेडं, दोन्हींना हाच एक शब्द. आपल्यासारखं ग्रामपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका असं वर्गीकरण तिथे नाही. कम्यूनच्या वर जिल्हा आणि त्यावर प्रांत.

गोंधळ होतो तो आपण कम्यून म्हणजे वस्ती असं धरून चालतो म्हणून. कम्यून ही आधी जमीन आहे, माणसं नंतर. मुख्य भूमी घेतली तर फ्रान्समध्ये अशी एक इंचही जागा नाही, जी कुठल्या ना कुठल्या कम्यूनच्या शिवारात येत नाही. जंगल, डोंगरमाथा, दलदल, ओसाड पठार, सगळं वाटून झालेलं आहे. एका कम्यूनमध्ये साधारणपणे एक मूळ गावठाण असतं, जिथे चर्च, मेयरची कचेरी आणि स्मारक दिसतं, आणि आजूबाजूला पाच-पंधरा वाड्या विखुरलेल्या असतात. वाडीला स्वतःचं नाव असतं, रस्त्यावर पाटी असते, पण कारभार गावठाणातून चालतो.

हे डोक्यात बसवायला सातबारा आठवा. गट नंबर जमिनीला मिळतो, कुटुंबाला नाही. कुटुंब मुंबईला गेलं, घर पडलं, शेत पडीक राहिलं, तरी गट नंबर आहे तिथेच राहतो आणि उताराही निघतो. कम्यूनचं तसंच. प्रत्येक कम्यूनला पाच अंकी सरकारी क्रमांक आहे. पहिले दोन अंक जिल्ह्याचे, पुढचे तीन तिचे स्वतःचे. माणसं घटली म्हणून तो क्रमांक आपोआप रद्द होत नाही. रोशफुर्शाचं कोडं इथेच सुटतं. उरला तो एक माणूस त्या जमिनीवरचा शेवटचा कायम रहिवासी आहे, आणि जमिनीची नोंद जशीच्या तशी आहे. गावात घर किंवा जमीन असून कर भरणारे, पण मुक्काम दुसरीकडे असलेले लोक तिथले मतदार होऊ शकतात आणि काही मर्यादेत परिषदेवर निवडूनही येऊ शकतात. असे कारभार चालतात ते त्यांच्या जोरावर.

इतके तुकडे पाडले कुणी?

कुणी नव्याने पाडले नाहीत. डिसेंबर 1789 मध्ये, क्रांतीच्या पहिल्याच वर्षी, संविधान सभेने ठरवलं की प्रत्येक शहर, गाव आणि धर्मग्रामाला आपली निवडून आलेली नगरसभा असेल. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा मुलूख. या हद्दी मध्ययुगापासून ठरत आल्या होत्या आणि त्यांचा आकार माणसाच्या पायांनी ठरवला होता: रविवारी प्रार्थनेला चालत जाऊन परत येता आलं पाहिजे. चाळीस हजारांहून अधिक कम्यून एका फटक्यात जन्मल्या. पुढे 1807 च्या कायद्यानंतर नेपोलियनच्या काळात जमिनीची मोजणी सुरू झाली आणि प्रत्येक कम्यूनची शीव नकाशावर पक्की झाली. आज पाहतो त्या सीमा बव्हंशी त्याच आहेत. 1884 च्या नगरसभा कायद्याने मेयर आणि परिषदेच्या कारभाराचा साचा घालून दिला. त्याचा गाभा अजून टिकून आहे.

या साच्याचा एक तुकडा भारतातही सापडतो. 1880 मध्ये फ्रेंचांनी आपल्या भारतातल्या वसाहतींत कम्यून स्थापल्या, आणि पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशात आजही पाच नगरपालिकांबरोबर दहा ‘कम्यून पंचायती’ आहेत.

पंधरा चौरस किलोमीटरचं जग

सरासरी कम्यून सुमारे 15 चौरस किलोमीटरची, म्हणजे साधारण चार किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद. पण सरासरी फार फसवी. जिरोंद जिल्ह्यातली कास्तेलमोरों-दाल्ब्रे ही कम्यून चार हेक्टरही भरत नाही. तटबंदीतलं गाव आणि संपलं. उलट दक्षिणेतलं आर्ल सुमारे 759 चौरस किलोमीटर पसरलेलं, कारण त्यात कामार्गची दलदल येते. पॅरिस 105 चौरस किलोमीटरचं आहे. आर्लमध्ये सात पॅरिस मावतील.

ईशान्य आणि उत्तरेकडे, म्हणजे म्यूझ, सोम, ओत-मार्न या पट्ट्यात, घरं दाटीने एकत्र, भोवती उघडी शेतं आणि लहान लहान कम्यून. एकट्या सोम जिल्ह्यात सातशेहून अधिक आहेत. पश्चिमेला ब्रिटनीत वाड्या विखुरलेल्या आणि कम्यून मोठ्या. नैर्ऋत्येला लांदच्या पाइन वनांत तर आणखी मोठ्या. म्हणून दोन गावांची नुसती लोकसंख्या शेजारी ठेवून काही कळत नाही. आधी क्षेत्रफळ बघा, मग उंची, मग माणसं. माहितीच्या तक्त्यात किमान आणि कमाल उंची दिलेली असते, ती आपण सर्रास सोडून देतो. पण 300 ते 900 मीटर असा फरक दिसला की समजावं: दऱ्या आहेत, हिवाळ्यात रस्त्यांचे हाल आहेत, आणि एका वाडीवरून दुसरीवर जायला नकाशात दिसतं त्याच्या दुप्पट वेळ लागणार आहे.

लोक गेले कुठे?

उत्तर शोधायला देशाच्या मध्यावरच्या क्रूझ जिल्ह्यात जाऊ. फ्रान्सच्या ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे, म्यूझपासून लांदपर्यंत, विरळ वस्तीचा एक तिरपा पट्टा जातो. फ्रेंच भूगोलात त्याला ‘रिकामा कर्ण’ असं नाव पडलं. तिथल्या लोकांना ते मुळीच आवडत नाही, आणि भूगोलाचे अभ्यासक आता ‘विरळ घनतेचा कर्ण’ असं सौम्य नाव वापरतात. क्रूझ या पट्ट्याच्या मधोमध आहे. 1851 मध्ये तिथे सुमारे 2 लाख 87 हजार लोक होते. आज सव्वा लाखही नाहीत. घनता चौरस किलोमीटरला वीस-एकवीस. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची होती 365.

क्रूझची जमीन ग्रॅनाइटची, पीक बेताचं. म्हणून तिथले पुरुष शतकानुशतकं गवंडीकामाला बाहेर जात. वसंतात टोळ्यांनी पॅरिसकडे चालत निघायचं, हिवाळ्याच्या तोंडाशी परतायचं. शेती बायका आणि म्हाताऱ्यांनी सांभाळायची. एकोणिसाव्या शतकात पॅरिसची जी प्रचंड पुनर्बांधणी झाली, तिच्यात या गवंड्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यातलाच एक, 1815 मध्ये जन्मलेला मार्तें नादो, पुढे संसदेत पोहोचला. मग रेल्वे आली आणि एक उलटा परिणाम झाला. येणं-जाणं सोपं झालं तर लोक जास्त वेळा घरी यायला हवेत. प्रत्यक्षात बायका-मुलांना घेऊन जाणंच सोपं झालं. हंगामी स्थलांतर कायमचं झालं आणि गावं ओसरू लागली.

दुसरा घाव 1914 ते 1918 चा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक मारले गेले, आणि पायदळात शेतकऱ्यांची पोरं मोठ्या संख्येने होती. ग्रामीण कम्यूनच्या लोकसंख्येचा आलेख पाहिलात तर 1911 आणि 1921 च्या दरम्यान बहुतेक ठिकाणी कडा तुटल्यासारखी दिसते. क्रूझमधल्या जांत्यू गावात 1922 साली उभारलेलं स्मारक आहे: शाळेच्या अंगरख्यातला एक पोरका मुलगा कोरलेल्या ओळीकडे मूठ उगारतो, आणि ती ओळ युद्धालाच शाप देते. फ्रान्समध्ये जवळजवळ प्रत्येक कम्यूनमध्ये युद्धस्मारक आहे, पण इतकं संतप्त क्वचितच. स्मारकावरची नावं मोजून आजच्या लोकसंख्येशी ताडून पाहण्याची मला खोड आहे. आकड्यांचा कुठलाही तक्ता इतकं सांगत नाही.

तिसरा घाव शांततेत झाला. 1950 नंतर ट्रॅक्टर आला, दहा माणसांचं काम एक करू लागला. 1955 मध्ये फ्रान्समध्ये सुमारे 23 लाख शेतीव्यवसाय होते. 2020 च्या कृषिगणनेत चार लाखांच्याही खाली आले. जमीन पडीक राहिली नाही, उलट एकेका शेतकऱ्याचं क्षेत्र वाढलं. हिरवीगार, नीट कसलेली शेतं आणि बंद घरं हे दृश्य तिथे एकत्र दिसतं ते यामुळे.

शून्य लोकसंख्येची गावं

1916 च्या व्हर्दंच्या लढाईत नऊ गावं जमीनदोस्त झाली. माती इतकी विषारी आणि न फुटलेल्या तोफगोळ्यांनी भरलेली, की त्यांतली सहा पुन्हा कधी वसली नाहीत. फ्लरी-दव्हां-दुओमों हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. ही सहाही आज अधिकृत कम्यून आहेत, लोकसंख्या शून्य. मतदारच नाहीत, म्हणून जिल्ह्याचा सरकारी प्रमुख तिथे तीन जणांची समिती आणि तिचा अध्यक्ष नेमतो, जो मेयरचं काम पाहतो. हे देशाने समजून-उमजून ठेवलेलं आहे: ‘फ्रान्ससाठी मेलेली गावं’ असा त्यांना दर्जाच आहे.

मोजतात कसं, आणि आकडा कितपत खरा?

आपल्याकडे 2011 नंतरची जनगणना रखडत 2027 वर गेली. फ्रान्सने 2004 पासून काही वर्षांनी सगळा देश एकदम मोजण्याची पद्धत सोडूनच दिली. राष्ट्रीय सांख्यिकी संस्था इन्से आता फिरती गणना करते. दहा हजारांखालच्या कम्यूनचे पाच गट पाडलेत. दर वर्षी एका गटातलं प्रत्येक घर मोजलं जातं. पाच वर्षांत सगळी गावं होतात. मोठ्या शहरांत दर वर्षी सुमारे आठ टक्के पत्त्यांचा नमुना घेतात. जानेवारी-फेब्रुवारीत काम चालतं, गणनेचे कर्मचारी नेमण्याची जबाबदारी त्या त्या कम्यूनची. पाचातलं एकच वर्ष खऱ्या मोजणीचं असल्यामुळे मधल्या वर्षांचे आकडे हिशेबाने काढले जातात. दर डिसेंबरच्या शेवटी नवी यादी येते, पण तिच्यातली लोकसंख्या तीन वर्षं मागची असते: 1 जानेवारी 2026 पासून लागू झालेले आकडे 2023 चे आहेत. कोरोनामुळे 2021 ची फेरी वर्षभर पुढे गेली, तेव्हा गावांचं वेळापत्रकही सरकलं.

त्यामुळे एखादं गाव 43 वरून 39 वर आलं, तर ‘नऊ टक्के घट’ हा मथळा हास्यास्पद आहे. एक कुटुंब शेजारच्या गावात राहायला गेलं असेल, नाहीतर हिशेबाचा फरक असेल. उलटही होतं. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांची गणना वृद्धाश्रम ज्या कम्यूनमध्ये आहे तिथेच होते, म्हणून एक इमारत उभी राहिली की खेडं फुगतं. तुरुंगाचंही तेच.

आणखी एक गाठ: प्रत्येक गावाला दोन आकडे असतात. पहिला प्रत्यक्ष राहणाऱ्यांचा. दुसऱ्यात शिक्षणासाठी बाहेर गेलेली तरुण मुलं, बाहेरच्या वृद्धाश्रमात गेलेले गावकरी असे नात्याने जोडलेले लोक मिळवलेले असतात. देशाची लोकसंख्या काढायची तर फक्त पहिला वापरायचा, नाहीतर तीच मुलगी दोनदा मोजली जाते. दोन ठिकाणी एकाच गावाचे वेगळे आकडे दिसले तर कारण बहुधा हेच.

चाळीस की शंभर, काय फरक पडतो?

बराच पडतो. शंभराखालच्या कम्यूनची परिषद सात जणांची, पाचशेखाली अकरांची. मेयरचं मानधन लोकसंख्येवर ठरतं. सर्वांत लहान गटात ते महिन्याला हजार-बाराशे युरोच्या आसपास. नवं औषधाचं दुकान उघडायला कम्यूनमध्ये साधारणपणे अडीच हजार लोक लागतात. केंद्र सरकारकडून मिळणारं मुख्य अनुदानही डोक्यांवर ठरतं, आणि तिथे एक गंमत आहे: अनुदानाच्या हिशेबात सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक घरामागे एक रहिवासी जास्त धरतात. म्हणजे पन्नास माणसांच्या गावात साठ सुट्टीची घरं असतील, तर तिजोरीच्या लेखी गाव एकशे दहांचं. रस्ते आणि पाण्याच्या नळ्या ऑगस्टमध्येही लागतातच, असा त्यामागचा साधा विचार.

मतदानाची पद्धतही बदलली. हजाराखालच्या गावांत, म्हणजे जवळपास 70 टक्के कम्यूनमध्ये, मतदार उमेदवारांच्या छापील कागदावरची नावं खोडू शकत, दुसरी लिहू शकत. नकोशा माणसाला गुपचूप काट मारण्याचा हा खास ग्रामीण आनंद होता. मे 2025 च्या कायद्याने तो संपला. आता तिथेही संपूर्ण यादीला मत द्यायचं, यादीत एक पुरुष एक स्त्री अशी आळीपाळी, आणि खाडाखोड केली तर मत बाद. हेतू चांगला. पण 2020 मध्येच शंभराहून अधिक कम्यूनमध्ये कुणीही उमेदवारी भरली नव्हती, तेव्हा पन्नास माणसांत जोड्या जुळवायच्या कुठून, हा लहान गावांच्या मेयरांचा सवाल रास्त वाटतो.

‘मग विलीन करून टाका ना!’

हा आक्षेप तिथेही जुना आहे. बेल्जियमने 1977 मध्ये 2,359 कम्यून एकत्र करून सहाशेच्या आत आणल्या. फ्रान्सने 1971 मध्ये विलीनीकरणाचा कायदा केला आणि तो जवळजवळ फसला. 2010 आणि 2015 मध्ये अनुदानाचं आमिष दाखवून पुन्हा प्रयत्न झाले, त्यामुळे संख्या 36 हजारांवरून 35 हजारांच्या खाली आली. तरीही बहुतेकांनी नकार दिला.

नुसता हट्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. देशभरचे सुमारे पाच लाख नगरसदस्य बहुतांशी विनामोबदला काम करतात. बर्फ हटवणं, कब्रस्तान, जन्ममृत्यूची नोंद, लग्न लावणं, वाडीवरच्या एकट्या म्हातारीची विचारपूस, हे सगळं स्वस्तात होतं. विलीन केलं की त्यासाठी पगारी कर्मचारी लागतो. आणि मोठी कामं आधीच वर गेली आहेत: कचरा, उद्योग, बऱ्याच ठिकाणी पाणी, हे शेजारच्या कम्यूननी मिळून बनवलेले कम्यूनसंघ पाहतात. 2015 च्या कायद्याने अशा संघाला किमान 15 हजार लोकसंख्येची अट घातली. डोंगराळ आणि विरळ भागांना सवलत आहे. म्हणजे गाव कागदावर स्वतंत्र आहे, पण कचऱ्याची गाडी संघाची आणि शाळा तीन गावांत विभागलेली, पहिली-दुसरी इथे, तिसरी-चौथी तिथे. टीकाकार म्हणतात, खर्च दुप्पट झाला. माझ्या मते खर्चापेक्षा अडचण वेगळीच आहे: गावकऱ्याला नेमकं कुणाला जाब विचारायचा तेच कळेनासं झालंय.

शिवाय राजकारण आहेच. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला किमान तीस जिल्ह्यांतून 500 निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या सह्या लागतात, आणि सही देऊ शकणाऱ्यांत बहुसंख्य लहान गावांचे मेयर. सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, निवडणाऱ्यांतही नगरसभांचेच प्रतिनिधी सर्वाधिक. जे सिनेट लहान कम्यूनच्या मतांवर उभं आहे, ते त्या बंद करायला उठेल, ही अपेक्षाच भाबडी.

‘सगळी गावं मरतच आहेत का?’

नाही. इन्सेने 2020 मध्ये ग्रामीण भागाची व्याख्या बदलली. पूर्वी दोन हजार लोकांची सलग वस्ती, म्हणजे दोन घरांत 200 मीटरपेक्षा जास्त अंतर नसलेली, ती शहरी आणि बाकी ग्रामीण. आता घनतेवरून ठरतं. त्या मापाने 88 टक्के कम्यून ग्रामीण ठरतात आणि तिथे देशातले एक तृतीयांश लोक राहतात. शहरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरची खेडी 1970 नंतर वाढतच आहेत.

लांबच्या पठारावरही अपवाद सापडतात. क्रूझमधलंच फो-ला-मोंतान्य हे मिलवाश पठारावरचं चारशेच्या आसपास वस्तीचं गाव. 1986 पासून इथे स्थानिक दूरचित्रवाणी आहे, तेली मिलवाश. आणि लाकूड कापण्यापासून लाकडी घरं बांधण्यापर्यंत सगळं करणारी, कामगारांनीच चालवलेली एक गिरणी. बाहेरून तरुण आले, काही टिकले. तिथली आजची तक्रार ऐकून हसू येईल: राहायला जागा मिळत नाही. घरं आहेत, पण त्यांतली बरीच ऑगस्टमध्ये चार आठवडे उघडतात, आणि काही तर पाच-सात वारसांच्या नावावर अडकून पडली आहेत. कुणी विकत नाही, कुणी भाड्याने देत नाही. अशा वेळी नगरसभेला जुनी इमारत विकत घेऊन दुरुस्त करावी लागते आणि भाड्याने द्यावी लागते. चारशे माणसांच्या तिजोरीतून एका वर्षात अशी थोडीच घरं होतात.